फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये नक्की काय चालतं?

तुमचा प्रश्न असा: ‘स्टर्लिंग सिनेमाजवळ फ्रीमेसन्स हॉल आहे. ही गुप्त संघटना आहे का, कोण चालवतं, आणि सामान्य मराठी माणूस तिथे जाऊ शकतो का?’

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. मी डोंबिवलीचा, पेशाने हिशेबनीस, आणि गेली बरीच वर्षं मुंबईतल्या एका लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन मंडळींच्या स्थानिक शाखेचा, सभासद. सध्या त्याचा सेक्रेटरी. म्हणजे जगावर राज्य करणारे जे काही लोक असतात म्हणे, त्यांच्यातला मी तो, जो वर्गणी थकवलेल्यांना फोन करतो.

‘लॉज’ या शब्दाने मात्र घरी घोळ घातला होता. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासूबाईंसमोर सहज म्हणालो, ‘शनिवारी संध्याकाळी मी लॉजवर असतो.’ त्यांच्या डोळ्यांसमोर आलं स्टेशनबाहेरचं लॉजिंग-बोर्डिंग. खुलासा करायला दोन दिवस गेले. मेसन म्हणजे गवंडी. युरोपातल्या पाथरवट-गवंड्यांच्या जुन्या संघांची हत्यारं आणि रीतिरिवाज घेऊन पुढे गवंडी नसलेल्यांनी ही संस्था चालवली. 1717 साली लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवर देखरेख करणारी मध्यवर्ती संस्था, काढलं. एवढी पार्श्वभूमी पुरे, कारण खरी गंमत मुंबईत आहे.

कलकत्त्यात 1730 मध्ये आणि मुंबईत 1758 मध्ये पहिलं लॉज निघालं. दोन्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांची. ‘सर्व माणसं बंधू’ हे ब्रीद, पण बंधू बहुतेक गोरे. अर्काटच्या नवाबाच्या मुलाला अठराव्या शतकातच दीक्षा मिळाली होती, पण तो पडला नवाबजादा. शहरातल्या शिकलेल्या माणसाने दार ठोठावलं तर?

ते ठोठावलं माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी. मुंबईतल्या ‘पर्सिव्हरन्स’ लॉजने त्यांना नकार दिला. माणेकजी चिवट. ते विलायतेला गेले आणि पॅरिसमध्ये रीतसर दीक्षा घेऊन परत आले. आता ते पक्के मेसन होते, मुंबईच्या मंडळींनी त्यांना बंधू म्हणणं नियमाने भाग होतं. तरी दार बंदच! तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश सर्जनने वेगळी वाट काढली. हे पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश फ्रीमेसनरीचे प्रमुख. काबूलमध्ये 1841 साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे भाऊ. 1843 च्या डिसेंबरात त्यांनी भारतीयांना घेणारं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज सुरू केलं. पुढे पारशी सुधारक खरशेदजी कामांसारखी माणसं याच लॉजमधून आली. माणेकजींनी नंतर मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. ती आजही फोर्टातच, आमच्या हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बंद दारं उघडायचा त्यांना नादच असावा.

हिंदूंचं घोडं आणखी वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. मेसन व्हायला ईश्वर मानावा लागतो, त्याला स्मरून शपथ घ्यावी लागते. कलकत्त्यातल्या साहेबांचा युक्तिवाद असा की, हिंदूंचे देव अनेक, मग त्यांची शपथ कोणत्या देवाची? प्रसन्नकुमार दत्त या व्यापाऱ्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 1872 मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली. तेच पुढे स्वामी विवेकानंद झाले. अमका मेसन होता, तमका मेसन होता अशा याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यातली निम्मी नावं मी सोडून देतो. हे नाव मात्र खरं.

आता व्यवस्था. स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडची लॉज इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या सनदेवर चालत होती. 24 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं. रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. त्याखाली पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशी चार विभागीय ग्रँड लॉज, आणि आपण पश्चिमेत. पण सक्ती नव्हती. ज्यांना जुनं घर सोडवेना ते तिथेच राहिले. त्यामुळे आजही मुंबईत इंग्रजी आणि स्कॉटिश सनदेची लॉज आहेत, आणि आम्ही एकमेकांकडे पाहुणे म्हणून जातो.

एका लॉजचा कारभार मात्र हाउसिंग सोसायटीसारखाच. दरवर्षी निवडलेला मास्टर, दोन वॉर्डन, खजिनदार, सेक्रेटरी. फरक इतकाच की मास्टर पूर्वेला बसतो, सीनियर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनियर दक्षिणेला, आणि दाराबाहेर टायलर नावाचा पदाधिकारी नंगी तलवार घेऊन उभा असतो. आमचे टायलर बँकेतून निवृत्त झालेत, तलवारीपेक्षा त्यांना गुडघ्यांची काळजी जास्त. मधे काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी आणि पुढे पवित्र ग्रंथ. भारतीय ग्रँड लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता शेजारी शेजारी असतात. ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. कलकत्त्याच्या त्या जुन्या वादाला याहून सोपं उत्तर मला तरी सुचत नाही.

पायऱ्या तीन: शिकाऊ, कारागीर आणि मास्टर मेसन. प्रत्येक पायरीला एक नाट्यविधी, आणि तो पाठ म्हणायचा असतो. शिकाऊ झालो त्या दिवशी मला चोवीस इंची पट्टी, हातोडी आणि छिन्नी दाखवली. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास, ते कसे वाटायचे हा धडा. दिवसाचे तीन तास लोकलमध्ये जाणाऱ्या माणसाला ती पट्टी जरा तोकडीच पडते. ओळखीच्या खुणा आणि शब्द मी सांगणार नाही, तसं वचन दिलंय. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर चर्चा बंद. विधी झाला की जेवण, आणि खरं सांगायचं तर बरेच जण त्यासाठीच वेळेवर येतात. आमच्यात बायकांना प्रवेश नाही, हे मला स्वतःला पटत नाही. ॲनी बेझंट यांनी आणलेल्या को-मेसनरीत स्त्री-पुरुष दोघेही असतात, पण ती शाखा वेगळी.

तुम्हाला यायचं असेल तर तुम्ही स्वतः विचारायचं. वय 21 पूर्ण, ईश्वरावर श्रद्धा, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन सभासदांच्या सह्या. मग आमच्यातले दोघं-तिघं तुमच्या घरी येऊन चहा पितात आणि घरच्यांची हरकत नाही ना, ते बघतात. त्यानंतर लॉजमध्ये गुप्त मतदानाची पेटी फिरते: पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. आमची पेटी लाकडी, तोंडाशी नळकांडं, हात मनगटापर्यंत आत जातो, त्यामुळे पांढरा गोळा टाकला की काळा, ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. फक्त टक्‌ असा आवाज येतो. मग पेटीचा खण मास्टरसमोर उघडतात. काळे गोळे बायलॉजमधल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर अर्ज फेटाळला, कारण विचारायची सोय नाही. माणेकजींची गोष्ट माहीत असल्यामुळे तो खण उघडताना मला दरवेळी जरा धाकधूक होते.

निकाल उमेदवाराला कळवायचं काम सेक्रेटरीचं. मी तो फोन सीएसएमटीला गाडी सुटायच्या आत करून टाकतो, नंतर रेंज जाते.