वाचकांचे प्रश्न : ६४ व्हीसीपीयू घेतले, मग वेग कुठे गेला?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे. प्रवाहाचं सिम्युलेशन ओपनफोम या सॉफ्टवेअरवर करतो, जाळी ८० लाख सेलची, म्हणजे छोट्या तुकड्यांची. ऑफिसातल्या १६ कोरच्या वर्कस्टेशनऐवजी क्लाउडवर ६४ व्हीसीपीयूचं (आभासी प्रोसेसरचं) मशीन भाड्याने घेतलं, पण वेग जेमतेम दुप्पट झाला. शिवाय स्वस्त म्हणून घेतलेलं स्पॉट मशीन (कंपनी कधीही परत घेऊ शकते असं) मध्येच काढून घेतलं गेलं आणि रन पहिल्यापासून लावावा लागला. काय चुकतंय?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : वेगात काही चुकलेलं नाही. इंटेल-एएमडीच्या बहुतेक क्लाउड मशीनवर एक व्हीसीपीयू म्हणजे एक थ्रेड, अख्खा कोर नव्हे; एका कोरवर असे दोन थ्रेड चालतात. तुम्हाला मिळाले ३२ कोर. त्यात ओपनफोमचा बराच वेळ मेमरीतून आकडे आणण्यात जातो, त्यामुळे कोरचा दुसरा थ्रेड फारसा कामी येत नाही. मशीन घेतानाच ‘प्रति कोर एक थ्रेड’ निवडा आणि जाळीचे भाग ३२च पाडा, कोरमागे एक.

आणखी वेग हवा असेल तर आधी भागाकार करा. ६४ कोरवर प्रत्येकी सव्वा लाख सेल येतात, ते ठीक. १२८ वर साडेबासष्ट हजारच उरतात; तिथे शेजारच्या भागांशी देवाणघेवाण करण्यातच वेळ जाऊ लागतो. एकाहून जास्त मशीन लागली, तर ॲमेझॉनवर एकाच प्लेसमेंट ग्रुपमधली (जवळजवळ ठेवलेली), ईएफए हे वेगवान नेटवर्क असलेली घ्या, मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कवाली. साध्या नेटवर्कवर दुसऱ्या मशीनचं भाडं बहुधा फुकट जातं.

मोठा रन लावण्याआधी ३२ आणि ६४ कोरवर २०० पुनरावर्तनं चालवून पाहा. लॉगमधल्या एक्झिक्युशनटाइमचा (लागलेल्या वेळेचा) १०० ते २०० मधला फरक तेवढा धरा, सुरुवातीला जाळी वाचण्याचा वेळ मिसळलेला असतो. कोर दुप्पट करून वेग दीडपटही वाढत नसेल, तर कमी कोरच परवडतात.

स्पॉट मशीन परत घेण्याआधी ॲमेझॉन २ मिनिटांची सूचना देतं, अझूर जेमतेम ३० सेकंदांची. म्हणून सूचनेच्या भरवशावर राहू नका. ओपनफोमच्या कंट्रोलडिक्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये राइटइंटरव्हल असा ठेवा की साधारण अर्ध्या तासाला निकाल लिहिला जाईल, पर्जराइट २ करा (शेवटचे दोनच निकाल राहतात) आणि स्टार्टफ्रॉमला लेटेस्टटाइम द्या (रन शेवटच्या निकालापासून सुरू होतो). निकाल मशीनच्या आतल्या डिस्कवर नको; ती मशीनबरोबरच जाते. वेगळ्या सामायिक डिस्कवर लिहा, म्हणजे नव्या मशीनवर रन तिथूनच पुढे सुरू होतो. जाळी मात्र तीच आणि भागही तेवढेच हवेत.

बिलाचंही पाहा. मशीन थांबवलं तरी जोडलेल्या डिस्कचं भाडं चालू राहतं. डेटा वर चढवायला सहसा पैसे पडत नाहीत, खाली उतरवायला पडतात. तेव्हा निकालांची चित्रं काढणारं पॅराव्ह्यू क्लाउडवरच चालवा, फक्त चित्रं आणि आकडे घरी आणा. बजेट अलर्ट नुसता मेल पाठवतो, तोही काही तास उशिरा. मशीन आपोआप बंद करणारी आज्ञा रनच्या स्क्रिप्टच्या शेवटी स्वतःच घाला.

प्रश्न : विद्यापीठातल्या संशोधनासाठी क्लाउडच घ्यावं का?
– एक संशोधक विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : आधी जवळ विचारा. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतलं ८३८ टेराफ्लॉप्सचं (हे गणनेच्या वेगाचं माप) ‘परम अनंत’ हे सुपरकॉम्प्युटर २०२२ पासून आयआयटी गांधीनगरला आहे. बाहेरच्या संस्थांना वेळ कसा आणि किती दराने मिळतो, हे गाइडमार्फत विचारून घ्या. महिनोन्महिने सतत रन असतील तर तिथल्या रांगेत थांबणं परवडतं. प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात दोनच रन राहिलेत, तर क्लाउड घ्या. फक्त नव्या खात्याला व्हीसीपीयूची मर्यादा कमी असते, ती वाढवायचा अर्ज काही दिवस आधीच टाका.