टॉकिंग हेड्स हा न्यू वेव्ह बँड नेमका किती वर्षे चालला आणि त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम कोणते?

टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडची कारकीर्द 1975 ते 1991 अशी धरली जाते आणि 1980 चा ‘रिमेन इन लाइट’ हा अल्बम, माझ्या मते, त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. डेव्हिड बर्न, ख्रिस फ्रांट्झ आणि टीना वेमाउथ हे ऱ्होड आयलंडच्या कलामहाविद्यालयातले सहाध्यायी. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबात 1975 मध्ये रमोन्स या पंक रॉक बँडच्या आधी त्यांनी पहिला कार्यक्रम केला, आणि 1977 मध्ये जेरी हॅरिसन आल्यावर चौकडी पूर्ण झाली. संगीत-निर्माता ब्रायन इनो याच्यासोबत केलेल्या तीन अल्बमांपैकी ‘रिमेन इन लाइट’ हा शेवटचा. त्यातली गाणी पाश्चात्त्य रॉकच्या नेहमीच्या पद्धतीने कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलत पुढे सरकत नाहीत. एकच ठेका धरून त्यावर बास, गिटार आणि तालवाद्यांचे छोटे तुकडे एकावर एक चढत जातात, आणि या रचनेमागे नायजेरियाचे संगीतकार फेला कुटी यांच्या आफ्रोबीटचा (आफ्रिकी ताल आणि जॅझ-फंक यांच्या मिश्रणाचा) प्रभाव स्पष्ट आहे. हा अल्बम हेडफोन लावून ऐकावा, म्हणजे प्रत्येक वाद्य कुठे शिरते ते नीट कळते. मात्र 1991 हे केवळ फुटीच्या घोषणेचे वर्ष आहे: त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘नेकेड’ 1988 मध्येच आला होता, आणि 2002 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या रॉक कलाकारांच्या सन्मान-यादीतील समावेशाच्या वेळी चौघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले होते.