फेरी ठरवण्याआधी बंदीचं कॅलेंडर बघ

बोट नवी, हुरूप साहजिक आहे. पण खोल समुद्रातल्या फेऱ्या आखताना आधी बंदी बघ, मग मासळी. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस मासेमारी बंद. म्हणजे ३१ मेपर्यंत बोट बंदराला लागलेली हवी. आठवड्याची फेरी असेल तर २० मेनंतर निघूच नकोस. मेअखेरीस वारा फिरतो, परतीला वेळ लागतो. बोट शाकारणं म्हणजे पावसासाठी झाकून घेणं, इंजिन, जाळी, परवान्याचं नूतनीकरण हे सगळं बंदीत उरक.

१ ऑगस्टला मुभा मिळाली म्हणून दर्या शांत झालेला नसतो. हवामान खात्याचा इशारा असेल तर थांबच. कित्येक नाखवे नारळी पौर्णिमेनंतरच निघतात, मला तेच पटतं. बर्फ मात्र आधीच सांगून ठेव, तेव्हा कारखान्यावर झुंबड असते.

आणि जाळं घेताना आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप नीट बघ. राज्याच्या नियमाप्रमाणे १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरायचं नाही. एकदाही अंडी न घातलेली पिल्लं उचलली, की पुढचा हंगाम आपणच रिकामा करतो. लहान आसाचं जाळं कितीही स्वस्त मिळालं तरी बोटीवर चढवू नकोस.