संकटाने शील घडतं, मग मी चिडकी का होत चाललेय?

ख्रिस्ती कुटुंबांशी बोलताना हा प्रश्न या ना त्या रूपात समोर येतोच. अलीकडे तो भायखळ्याच्या एका ताईंनी विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. नोकरी, घर, दवाखाना सगळं ताईंवर. "चर्चचे पाळकसाहेब बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला पाचवा अध्याय वाचतात. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. माझं तर उलटंच चाललंय. परवा मी आजारी माणसावर घोटभर पाण्यासाठी ओरडले."

अशा रुग्णाला पाणी मोजूनमापून प्यावं लागतं. त्यांच्या घरी एका बाटलीवर लाल नेलपॉलिशची रेघ आहे. दिवसभराचं पाणी तेवढंच. मे महिन्याच्या उकाड्यात नवऱ्याने गुपचूप जास्तीचं पाणी प्यायलं, रात्री त्याला धाप लागली, आणि घाबरलेल्या ताई त्याच्यावर तुटून पडल्या. चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी तर आधीच सुनावलं होतं, "तुमची प्रार्थना कमी पडतेय." तेव्हापासून ताईंनी उपासनेला जाणंच सोडलं होतं.

दुखावलेल्या माणसाला असं काही सुनावणं मला क्रूर वाटतं. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. बोलू लागले ते त्याचाच दोष काढायला. ईयोब देवाशी भांडला, देवाने त्यालाही खडसावलं. पण 'माझ्याविषयी योग्य ते बोलला', ही देवाची पावती अखेर ईयोबालाच मिळाली. देवाचा कोप झाला तो मित्रांवर.

मी ताईंना बायबलमधलं ८८वं स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. वाचून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "देवाला असं बोललेलं चालतं?" चालतं. ज्याच्यावर विश्वासच उरला नाही, त्याच्याकडे कुणी गाऱ्हाणं घेऊन जात नाही.

संकट आपसूक कुणाला घडवत नाही, एकटं पडलेल्या माणसाला ते मोडूनही टाकतं. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाने धीर-शील-आशेचे ते शब्द अख्ख्या मंडळीला लिहिले होते, हे आपण विसरतो आणि सगळा भार एका बाईच्या डोक्यावर ठेवतो. घडायला वेळही लागतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पती गेले. मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते १८८९ मध्ये. मधल्या काळात इंग्लंडमध्ये ज्या मठभगिनींकडे त्या राहिल्या, त्यांच्याशीही धर्ममतांवरून वाद झाले. आपण मात्र शारदा सदनच तेवढं लक्षात ठेवतो.

पुढची कामं साधी होती. ताईंच्या परवानगीने मी पाळकांशी बोलले. आता दर गुरुवारी मंडळीतले दोघे आळीपाळीने डायलिसिसला सोबत जातात आणि ताई त्या वेळात झोपतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे कागदपत्रं दिली आहेत. ओरडणं थांबलेलं नाही, कमी झालंय. ओरडून झालं की त्या नवऱ्याची माफी मागतात. उपासनेला पुन्हा येतात, पण गीतं गात नाहीत. गा, असं त्यांना कुणी म्हणू नये, एवढं मी पाळकांना सांगून ठेवलंय.