आत्मभक्षण, स्वयंभक्षण की स्वभक्षण?

जुळे सोलापुरातल्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं विचारलंय. पोस्टरसाठी तिनं वाक्य केलं: ‘मेंदूच्या गाठीतील पेशींच्या आत्मभक्षणामुळे प्रतिकारशक्ती कमी होते.’ पेशी आपलेच भाग पचवते, त्या ‘ऑटोफॅजी’ला हा शब्द चालेल का?

मी तरी वापरणार नाही. आत्महत्या, आत्मदहन, आत्मघात... ‘आत्म’ला मराठीत हा वास लागलाय. वाचणाऱ्याला वाटेल, पेशी स्वतःला खाऊन संपते. एरवी होतं उलटंच. पेशी आपलेच मोडके भाग पिशवीत गुंडाळून पचवते, निघालेला माल पुन्हा वापरते आणि उपासमारीत तगते. आमची आजी विटलेली लुगडी फाडून वाकळ शिवायची, तसलंच हे.

‘स्वयंभक्षण’ही पटत नाही. ‘स्वयं’ म्हणजे आपण होऊन, आपल्या हातानं. स्वयंपाक करणारी बाई स्वतःला शिजवत नाही! ‘स्व’ मात्र ‘आपलं’ दाखवतो: स्वदेश, स्वभाषा. म्हणून स्वभक्षण. १९६३ साली बेल्जियन पेशीशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांनी मूळ शब्द घडवला, तोही ग्रीकमधल्या ‘स्वतः’ आणि ‘खाणं’ यांच्या जोडणीतूनच.

मला जास्त खटकलं ते ‘प्रतिकारशक्ती कमी होते’. हे आपण सारखं सर्दी-ताप होणाऱ्या पोराबद्दल बोलतो. ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका आक्रमक कर्करोगाच्या, गाठीत तर मायक्रोग्लिया (मेंदूतल्या राखणदार पेशी) आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशींची दाटी असते. गाठ त्यांना आपल्याकडे वळवून घेते. भुईकोटात शिबंदी भरपूर, पण फितूर! तेव्हा प्रतिकार ‘कमी होत’ नाही, ‘दडपला जातो’.

‘गाठीतील पेशींच्या’ हेही अपुरं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशींत ग्लिओब्लास्टोमा स्वभक्षणाचाच एक प्रकार वाढवतो आणि मग त्या पेशी टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) आवरतात, असं प्रयोगांत दिसलंय. उलट, टी-पेशींना स्वतः तगायलाही स्वभक्षण लागतं. म्हणून ‘मुळे’ फार ठाम होतं.

मी असं लिहीन: ‘मेंदूतील गाठीभोवतीचा प्रतिकार दडपण्यास पेशींमधील स्वभक्षण हातभार लावू शकते.’ पहिल्यांदा शब्द येईल तिथं शेजारी ऑटोफॅजी लिहाच. वॉर्डात डॉक्टरांच्या तोंडी तोच असणार.