रोबोटिक हाताच्या खांद्यासाठी कोणती सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर) घ्यावी? सगळ्या सांध्यांना एमजी996आर ही मोठी सर्व्हो लावली तर चालेल का?

आपण लिहिले आहे की डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी 3 मिमी अॅक्रिलिकचा हात केला आहे, त्याचे दोन्ही भाग 12-12 सेंटिमीटरचे आहेत, पुढे 8 सेंटिमीटरची पकड आहे आणि त्याने 100 ग्रॅमची हळदीची पुडी उचलावी अशी अपेक्षा आहे. परंतु सगळीकडे एसजी90 ही छोटी सर्व्हो लावल्यामुळे तो रिकामा असतानाही खांद्यातून खाली येतो. मी कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो आणि गेली काही वर्षे रविवारी सांगलीतील मुलांना असे हात बनवायला मदत करतो. सगळ्या सांध्यांना एमजी996आर लावू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण कागदावर हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून तो इथे मांडतो.

टॉर्क म्हणजे वजन गुणिले सांध्यापासूनचे आडवे अंतर, आणि हात पूर्ण आडवा असताना तो सर्वांत जास्त असतो. सुरुवात आपल्या सध्याच्या हातापासून करू. पहिली पट्टी अंदाजे 30 ग्रॅमची व तिचा मध्य 6 सेंमीवर, कोपरातील सर्व्हो 9 ग्रॅमची व 12 सेंमीवर, दुसरी पट्टी 25 ग्रॅमची व 18 सेंमीवर, मनगटातील सर्व्हो 9 ग्रॅमची व 24 सेंमीवर, आणि सर्व्होसह पकड 35 ग्रॅमची व 28 सेंमीवर धरली, तर गुणाकारांची बेरीज सुमारे 1,930 ग्रॅम-सेंमी, म्हणजे 1.9 किलो-सेंमी होते. एसजी90 चा 4.8 व्होल्टवरील स्टॉल टॉर्क 1.8 किलो-सेंमी आहे. स्टॉल टॉर्क म्हणजे मोटर जिथे थांबतेच तो आकडा, त्यामुळे आपला हात पुडी न उचलताही खाली येणे स्वाभाविक आहे आणि त्यात आपल्या प्रोग्रामचा दोष नाही.

आता कोपरात 55 ग्रॅमची एमजी996आर, मनगटात व पकडीत 14 ग्रॅमच्या एमजी90एस आणि टोकाला, 32 सेंमीवर, पुडी असा हात घेऊ. खांद्यावर 5.9 किलो-सेंमी येतात, आणि त्यातले 3.2 एकट्या पुडीचे असतात. याच हातात मनगट आणि पकड यांनाही एमजी996आर लावल्या, तर प्रत्येक ठिकाणी 41 ग्रॅम वाढतात, ते थेट 24 आणि 28 सेंमीवर बसतात आणि खांद्यावरचा भार 8 किलो-सेंमीच्या वर जातो, जेव्हा की एमजी996आर चा 6 व्होल्टवरील स्टॉल टॉर्क 11 आहे. ही चूक मी स्वतः पहिल्या हातात केली होती. तो उचलत होता, पण काही मिनिटांत खांद्याची मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली, कारण सर्व्हो वजन नुसते धरून ठेवतानाही विद्युतप्रवाह घेतच असते.

मी नियम असा पाळतो की हिशेबातला टॉर्क स्टॉल टॉर्कच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहावा. त्यानुसार खांद्याला 18 ते 20 किलो-सेंमीची सर्व्हो लागते, म्हणजे डीएस3218 च्या जातीची. कोपरावर 3 किलो-सेंमी येतात, तिथे एमजी996आर पुरेशी आहे. मनगटावर साधारण 1 येतो. एमजी90एस 6 व्होल्टवर 2.2 देते, म्हणजे तिथे माझा नियम थोडा मोडतो, पण मनगटाला जड सर्व्हो लावण्यापेक्षा पकड आखूड करणे मला अधिक योग्य वाटते. दुसरी पट्टी 12 ऐवजी 9 सेंमीची केलीत, तर खांद्यावरचा भारही जवळपास अर्ध्या किलो-सेंमीने उतरतो, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

टॉर्कनंतर डेडबँड पाहा, म्हणजे संकेताच्या स्पंदाच्या लांबीतल्या ज्या बारीक बदलाला सर्व्हो दाद देत नाही तो पट्टा, कारण टोक नेमक्या जागी न थांबण्यामागे तोही असतो. एसजी90 ची डेडबँड 10 मायक्रोसेकंद आहे, जे ढोबळमानाने 0.9 अंश होते आणि 32 सेंमी लांबीवर सुमारे 5 मिलिमीटर. एमजी996आर ची त्याच्या निम्मी आहे. दातेरी चाकांमधली ढिलाई त्यावर वेगळी.

विकत घेतलेली सर्व्हो लगेच बसवू नका, कारण एमजी996आर च्या नकला सर्रास मिळतात आणि पाकिटावरचा आकडा त्यांना लागू पडेलच असे नाही. शाफ्टला पट्टी लावून 10 सेंमीवर पाण्याची बाटली टांगा. बाटलीत 300 मिलिलिटर पाणी म्हणजे बाटलीचे वजन सोडून 3 किलो-सेंमी. एक मिनिट ती स्थिर धरता आली आणि मोटर फारशी तापली नाही, तर ती कोपरासाठी घ्या.

खांद्याच्या सर्व्होचा शाफ्ट एकाच बाजूने भार घेईल अशी रचना ठेवू नका. समोरच्या बाजूला 8 मिमी भोकाचे 608 बेअरिंग बसवा. तळाच्या फिरत्या चकतीखालीही वरून येणारा भार पेलणारे थ्रस्ट बेअरिंग हवेच, नाहीतर संपूर्ण हाताचे वजन सर्व्होच्या शाफ्टवर तिरके पडते.

वीजपुरवठा आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या बोर्डाच्या, 5 व्होल्ट पिनवरून घेऊ नका. अडकलेली एक एमजी996आर अडीच अँपिअरपर्यंत ओढते आणि बोर्ड रीसेट होतो. मग मुले तासन्‌तास प्रोग्राम तपासत बसतात. 6 व्होल्टचा किमान 8 ते 10 अँपिअरचा वेगळा पुरवठा घ्या आणि त्याची ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा. दोन सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर 8.4 व्होल्ट देते, ती एमजी996आर ला थेट जोडू नका. अनेक सर्व्होंना एकत्र संकेत देणारा पीसीए9685 बोर्ड घेतलात, तरी मोटरांची वीज त्याच्या वेगळ्या टर्मिनलवरच द्यावी लागते.

आपल्या पट्ट्यांची आणि पकडीची खरी वजने किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून इथे लिहिलीत, तर खांद्याचा हिशेब मी पुन्हा करून देईन.