अवघड सुडोकू स्वतः बनवायचं असेल तर किती आकडे द्यावेत?

‘किती आकडे’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ह्याच प्रश्नावरून आमच्या दाजींशी माझं चार वर्षं वाजलंय, म्हणून लिहायला बसलो.

गणपतीत आमच्या शिवाजी पेठेतल्या मंडळानं सुडोकूची स्पर्धा ठेवली होती. बक्षीस पाच लिटरचा कुकर. कोडं माझं, आठ दिवस खपून केलेलं. २६ आकडे दिले होते, तेही निकोली ह्या जपानी प्रकाशनाच्या कोड्यांसारखे, जागा समोरासमोर जुळणारे. छपाईच्या आदल्या रात्री दाजी आले, कागद बघितला आणि म्हणाले, “लई आकडं दिलास की रं! पोरं धा मिनिटात उडवत्यात.” १७ पेक्षा कमी आकड्यांत सुडोकू होत नाही हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं, म्हणजे १७ च्या जेवढं जवळ तेवढं अवघड, असा हिशोब. पेन घेतलं आणि दोन आकडे खोडले. दाजी मंडळाचे खजिनदार, त्यात बहिणीचा नवरा. मी गप्प.

स्पर्धेत दोघांनी एकदमच कागद दिले. एक रिटायर तलाठी, एक कॉलेजची पोरगी. उत्तरं वेगळी आणि दोन्ही बरोबर! सुडोकूला तर उत्तर एकच हवं. दुसरी-तिसरी ओळ, चौथा-सातवा स्तंभ, अशी चार घरं. तलाठ्यांचं वर ४-७, खाली ७-४. पोरीचं बरोब्बर उलटं. त्या चौकडीत दिलेला एकमेव ७ दाजींनी खोडला होता. अशा चौकडीतला एक तरी आकडा द्यावाच लागतो. मांडवात तासभर कालवा झाला. दुसरा कुकर माझ्या खिशातून. पावती अजून आहे.

१७ चं म्हणाल तर २०१२ साली डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांनी संगणकावर तपासून दाखवलं, की १६ आकड्यांत एकच उत्तर असलेलं सुडोकू होत नाही. विषय संपला. १७ वाली कित्येक कोडी चहा निवायच्या आत सुटतात.

कोडं अवघड होतं ते सोडवणारा कुठं अडतो त्यावर. पूर्ण भरलेली चौकट घ्या, एकेक आकडा काढा, दर वेळी उत्तर एकच राहतंय का बघा. मग पेन्सिल घेऊन स्वतः सोडवा. ‘ह्या घरात हाच बसतो’ एवढ्यावरच सगळं सुटलं तर ते सोपंच, आकडे २२ असले तरी. मधे कुठंतरी एक्स-विंगशिवाय (दोन ओळींत एक आकडा त्याच दोन स्तंभांत बसू शकतो, म्हणून त्या स्तंभांतल्या बाकीच्या घरांतून तो बाद) पुढं जाताच येणार नाही अशी एकच खिंड ठेवा, पुढं मोकळं सोडा. चार-चार खिंडी घातल्या की माणूस कंटाळून कागद ठेवतो.

आता खरं सांगतो, एकच उत्तर आहे का हे मी हातानं तपासत नाही, पोराच्या लॅपटॉपवर टाकतो. त्या वर्षीही टाकलं होतं, खोडायच्या आधी. आणि ४० आकडे दिलेत तर मात्र बहुतेक सोपंच जाणार, तेवढं दाजींचं बरोबर.

दाजी अजून म्हणतात, “कोडं लई अवघड झालं, म्हणून दोन उत्तरं आली.”